पावसाळा लागला की कुत्र्याची खाज परत सुरू होते, इंजेक्शनचा गुण तीन आठवड्यांपुरताच

किनारपट्टी
ठिकाण वेंगुर्ला तालुका. कुत्रा गावठी आणि लॅब्राडोर मिश्र, नर, चार वर्षांचा, वजन २२ किलो. चिऱ्याचं कौलारू घर, मागे गोठा, दोन मांजरं. दुसऱ्या वर्षापासून दर जूनमध्ये खाज सुरू होते आणि दिवाळीपर्यंत चालते. गेल्या वर्षी मात्र उन्हाळ्यातही पूर्ण थांबली नाही. पंजे सतत चाटतो, बोटांच्या मधले केस तांबूस झालेत. काखेत आणि जांघेत कातडी काळी, जाड आणि तेलकट, कुबट वास येतो. शेपटीच्या मुळाशी केस विरळ झालेत. पोटावर पुटकुळ्या, त्या फुटल्या की गोल खपली धरते. कान महिन्याआड बिघडतात.
आतापर्यंत स्टेरॉइडची इंजेक्शनं, सेटिरिझिन, गोचिडांची पावडर, आणि घरचं खोबरेल. खाणं भात, बांगडा-तारल्यांचं कालवण, कधी चिकन, सकाळी दूध-बिस्किट. ही अॅलर्जी आहे असं सांगितलंय. नेमकी कशाची ते कसं शोधायचं? रक्ताची तपासणी करून कळतं का?

गुराढोरांचा डॉक्टर
रक्ताच्या तपासणीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. खाण्याची अॅलर्जी रक्तावरून, केसांवरून किंवा लाळेवरून भरवशाने ओळखता येत नाही. हवेतल्या अॅलर्जीसाठी रक्ताची किंवा त्वचेची चाचणी असते, पण ती निदानासाठी नव्हे. निदान झाल्यावर प्रतिकारशक्तीला सवय लावणाऱ्या लशीत काय घालायचं, एवढंच त्यातून ठरतं.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत एक नाही, किमान तीन गोष्टी एकावर एक बसलेल्या दिसतात. शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू ही पिसवांची जागा. काळी, जाड, तेलकट, कुबट वासाची कातडी म्हणजे यीस्ट नावाची बुरशी. पुटकुळी फुटून कडेला गोल पापुद्रा उरतो तो जिवाणूंचा संसर्ग, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. या सगळ्याच्या खाली पंजे, काख, जांघ आणि कान धरणारी मूळ अॅलर्जी असू शकते. सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होणं आणि आधी हंगामी असून पुढे बारमाही होणं, हेही तिच्याशी जुळतं. पण वरचे थर उतरवल्याशिवाय तळाशी काय आहे ते दिसणार नाही. म्हणून क्रम असा: आधी परजीवी, मग संसर्ग, मग खाणं, आणि हे तिन्ही निपटूनही खाज उरली तर हवेतली अॅलर्जी. क्रम उलटा केला की दरवेळी स्टेरॉइडवर गाडी येऊन थांबते.

पिसवा दिसत नाहीत म्हणून नाहीत असं धरू नका. अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात, आणि तो चाटून-चावून अंगावरच्या पिसवा स्वतःच संपवतो. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा. जे काळे कण पडतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर ठेवून मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबूस-तपकिरी ओघळ पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर नुसतीच मळकट राहते. आपल्याकडची माती मुळात तांबडी, तेव्हा फरक नीट पाहा: मातीचा कण विरघळून सारखा गढूळ होतो, विष्ठेतून रेघ सुटते.

दवाखान्यात तीन साध्या गोष्टी मागा. एक, काखेतल्या तेलकट जागेवर चिकटपट्टी दाबून ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. यीस्ट आणि जिवाणू तिथल्या तिथे दिसतात. दोन, ब्लेडला तेल लावून कातडी थोडं रक्त झिरपेपर्यंत खरवडणं. केसांच्या मुळातले डेमोडेक्स किडे खोल असतात, वरवर खरवडून सापडत नाहीत. तीन, कानातला मळ काचेवर घेऊन पाहणं, आणि थेंब लिहून देण्याआधी कानाचा पडदा शाबूत आहे का ते बघणं.

लुतीचा किडा, म्हणजे सार्कोप्टिस, खरवडण्यात सापडला नाही तरी असू शकतो. कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायाचे घोटे खपलीने भरलेत का पाहा. कानाची कड बोटांत धरून चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला उठतो, हा चांगला इशारा. घरातल्या माणसांच्या हातांवर आणि पोटावर खाजरे फोड आले असतील तर शंका पक्की. अशा वेळी अहवालाची वाट न पाहता उपचार करावा.

चिरेबंदी
परजीवींबद्दल भर घालतो, कारण कोकणातल्या घरात इथेच गणित चुकतं. पिसूचं आयुष्य बहुतेक सगळं कुत्र्याबाहेर जातं. अंडी अंगावरून गळून पडतात, अळ्या जमिनीवरच्या धुळीत आणि गोणपाटात वाढतात, कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते आणि जवळ हालचाल झाली की बाहेर येते. गोचिडीची मादी रक्त पिऊन फुगली की चिऱ्याच्या फटीत शिरून हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्रा आज साफ केला तरी पुढची फौज पडवीत तयार असते. तीन महिने सलग चालवलं तरच हे चक्र तुटतं, एका डोसाने नाही.

कुत्र्यासाठी गोळी घ्या. आयसोक्साझोलिन गटातली, म्हणजे फ्लुरालानर (ब्रेव्हेक्टो), अफोक्सोलानर (नेक्सगार्ड) किंवा सारोलानर (सिम्पारिका). पिसवा, गोचीड, लूत आणि डेमोडेक्स या चारही गोष्टींवर या गटाचा गुण येतो, त्यामुळे निदान अर्धवट असलं तरी डोस वाया जात नाही. फ्लुरालानर १२ आठवडे टिकतं, बाकीच्या दोन्ही गोळ्या दर महिन्याला द्यायच्या. २२ किलोला ब्रेव्हेक्टोची २० ते ४० किलोवाली १००० मिग्रॅची गोळी, भरल्या पोटी. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. या गटाबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तशी सूचना काढली होती.

मानेवर टाकायचे थेंब तुमच्या बाबतीत नकोत. ते कातडीच्या तेलातून पसरतात आणि तुम्हाला आठवड्यातून दोनदा शाम्पू करावा लागणार आहे. थेंब आणि अंघोळ यांच्यात आधी-नंतर ४८ तास हवेत, वारंवार धुतलं की असर घटतो.

मांजरांना विसरू नका. त्यांच्या अंगावर पिसवा राहिल्या तर सगळं फुकट. पण कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला लावू नका, ते मांजराच्या जिवावर बेततं. मांजराचं औषध मांजराचंच.

घरात: कुत्रा झोपतो ते गोणपाट जाळून टाका. त्याऐवजी धुता येईल असं जाड सुती कापड, दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. पावसात ऊन नसतं, तेव्हा दोन-तीन कापडं फिरती ठेवा आणि चुलीच्या धगीवर खडखडीत वाळवा. पडवीतल्या चिऱ्यांच्या फटी जमिनीपासून कंबरेच्या उंचीपर्यंत सिमेंटने भरा. शेणाने सारवलेली जमीन भेगाळली असेल तर सारवण ताजं ठेवा, भेगेत धूळ साठते आणि अळ्यांना तेच हवं असतं. गोठ्यात फवारणी करणार असाल तर कुत्रा आणि मांजरं फरशी सुकेपर्यंत बाहेर.

माडाची सावली
आमच्याकडे लूत लागली की करंजेल लावतात, किंवा गुरांचं आयव्हरमेक्टिन टोचतात. स्वस्त पडतं. त्यात वाईट काय?

गुराढोरांचा डॉक्टर
गुरांचं आयव्हरमेक्टिन १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मिलीत १० मिग्रॅ. ते गाईच्या वजनाला बेतलेलं असतं. सिरिंजवरची एक रेघ चुकली की २० किलोच्या कुत्र्यात डोस कुठल्या कुठे जातो. कोली आणि मेंढपाळ जातींमध्ये मेंदूत औषध शिरू न देणारी यंत्रणा जनुकातूनच कमकुवत असू शकते. अशा कुत्र्यांत लूत बरी करण्याएवढा डोसही घातक ठरतो, आणि मिश्र जातीत ते जनुक आलंय का हे वरून कळत नाही. लडखडणं, लाळ गळणं, आंधळेपणा, बेशुद्धी असा तो क्रम. सुरक्षित गोळी उपलब्ध असताना ही जोखीम घेऊ नये.

गोचिडांवरच्या अमित्राझचंही तेच. १२.५ टक्के द्रावणाची बाटली गोठ्यात असतेच. कुत्र्यासाठी ते १ लिटर पाण्यात २ मिली, डॉक्टरांनी सांगितलं तरच, ताजं कालवून, हातमोजे घालून, उघड्या हवेत. अंदाजाने ओतलं तर कुत्रा सुस्त पडतो, नाडी मंदावते, साखर वाढते. मधुमेही कुत्र्याला, लहान पिल्लाला आणि मांजराला नाहीच.

करंजेल, खोबरेल, भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) यांनी किडा मरत नाही एवढाच प्रश्न नाही. दमट हवेत तेलाचा थर कातडीची ओल कोंडतो, आणि यीस्टला ओल आणि तेल दोन्ही हवं असतं. काखेतला तो काळा तेलकटपणा तेलाने वाढतो. भेगाळलेल्या कोरड्या नाकाला किंवा तळपायाच्या गादीला बोटभर भिरंडेल लावायला माझी हरकत नाही, काखेत आणि बोटांमध्ये नको. गाडीचं जळकं ऑइल तर मुळीच नको, कुत्रा ते चाटतो आणि पोटात जातं.

शाम्पूवाली
संसर्गाचा भाग. क्लोरहेक्सिडिन २ टक्के आणि मायकोनाझोल २ टक्के असा एकत्र शाम्पू घ्या, जिवाणू आणि यीस्ट दोन्हींना तो लागू पडतो. आठवड्यातून दोनदा, तीन ते चार आठवडे. नंतर पावसाळाभर आठवड्यातून एकदा. वरवरचा जिवाणूसंसर्ग असेल तर बऱ्याचदा एवढ्यानेच आटोक्यात येतो, प्रतिजैविकाची गरजच पडत नाही.

शाम्पू निकामी कसा होतो ते सांगते, कारण "लावला पण फरक नाही" ही तक्रार बहुतेक वेळा पद्धतीची असते. पहिलं, वेळ. फेस केला आणि धुतला तर औषधाला वेळच मिळत नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. सुरुवात पंजे, काख, जांघ आणि पोटापासून करा म्हणजे बिघडलेल्या जागेला जास्त वेळ मिळतो, पाठ शेवटी. दुसरं, साबण. आधी कपड्याचा किंवा अंगाचा साबण लावून वर क्लोरहेक्सिडिन लावलं तर साबणाचा अंश त्याला निष्प्रभ करतो. मळ खूप असेल तर आदल्या दिवशी साध्या कुत्र्यांच्या शाम्पूने धुवा. तिसरं, पाणी. गरम पाण्याने खाज भडकते. विहिरीचं पाणी थेट किंवा कोमट, एवढंच. चौथं, वाळवणं. पावसाळ्यात सगळं इथेच अडतं. टॉवेलने पुसून पंख्याखाली अर्धा तास, मग बोटांच्या मधल्या बेचक्या सुक्या सुती फडक्याने एकेक करून कोरड्या करा. अंग वाळतं पण बोटांत ओल राहते आणि दोन दिवसांत तोच तांबूसपणा आणि वास परत. शाम्पू डोळ्यांत आणि कानात जाऊ देऊ नका. पडदा फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडिन आतल्या कानाला इजा करतं.

फिरून आल्यावर दरवेळी पंजे साध्या पाण्यात बुडवून पुसा. समुद्रावर नेत असाल तर खारं पाणी आणि रेती घरी येताच गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या पाण्याने लूत जाते हा समज किनाऱ्यावर घट्ट आहे. प्रत्यक्षात फाटलेल्या कातडीवर मीठ आणि रेती घासली जाते. डेटॉल टाकून अंघोळ नको, माणसांचा शाम्पूही नको. आणि माणसांची ती तीन-चार औषधं एकत्र असलेली खाजेची मलमं, ज्यांत तीव्र स्टेरॉइड असतं, ती लावूच नका. कुत्रा चाटतो, कातडी पातळ पडते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

किनारपट्टी
फणीची परीक्षा केली, कागदावर तांबूस रेघा सुटल्या. गोळी आणि शाम्पू सुरू करतोय. खाणं कधी तपासायचं? सगळे म्हणतात मासे बंद करून चिकन-भात द्या.

ताटातलं बघा
मासे बंद करून चिकन देण्यात अर्थ नाही, कारण तो दोन्ही आधीपासून खातोय. कुत्र्यांत खाण्याची अॅलर्जी जास्त करून बीफ, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू यांची आढळते. तुमच्या यादीत त्यातले तीन आहेतच, दूध, चिकन आणि बिस्किटातला गहू. चाचणीचं तत्त्व एकच: आजवर न खाल्लेलं एक मांस आणि न खाल्लेला एक कंद, आठ आठवडे, बाकी काही नाही. मासे आपल्याकडे रोजचेच, म्हणून परदेशी पुस्तकात चालणारा मासळीचा आहार इथे बाद. त्याला बोकडाचं मटण कधी मिळालं नसेल तर ते घ्या. मटणाची हाडं-रस्सा मिळत असेल तर तेही बाद, मग डुकराचं मांस नीट शिजवून, किंवा हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) तयार खाद्य. भाताऐवजी रताळं.

२२ किलोच्या, फार न धावणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० ग्रॅम चरबी कमी असलेलं मटण (कच्चं वजन) आणि ६०० ते ७०० ग्रॅम रताळं, नुसत्या पाण्यात शिजवून, दोन वेळा मिळून. कांदा-लसूण नाही, वाटण नाही, हळदही नको. दर आठवड्याला वजन करा. घटलं तर रताळं वाढवा. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला हा अपुरा आहार आठ आठवडे चालतो. वाढत्या पिल्लाला चालत नाही, तिथे तयार खाद्यच हवं.

बिघडतं ते घरातल्या ताटात नाही, आवारात. नारळ सोलताना पडलेला तुकडा, मांजराचं भांडं, मासे साफ केल्यावर परसात टाकलेली डोकी, शेजारची मुलं देतात ते बिस्किट. एका बिस्किटाने आठवडे वाया जातात. आठ आठवडे लांब साखळीवर किंवा कुंपणात ठेवा, मासे धुतल्याचं पाणी आणि डोकी झाकणाच्या बादलीत. आणि हे फार कमी जण सांगतात: चघळायच्या गोळ्यांना आणि काही जंताच्या औषधांना मांसाची चव दिलेली असते. म्हणून १२ आठवड्यांची फ्लुरालानरची गोळी आधी देऊन टाका आणि दहाएक दिवसांनी आहार सुरू करा. मधे दुसरी गोळी द्यावी लागत नाही.

रोज संध्याकाळी खाजेला ० ते १० गुण वहीत लिहा. आठव्या आठवड्याला गुण निम्म्याहून खाली आला तरी निकाल लागलेला नाही. जुनं खाणं परत द्या. काही तासांपासून दोन आठवड्यांत खाज उसळली तरच ती खाण्याची. नाही उसळली तर फरक पिसवा आणि संसर्ग गेल्यामुळे पडला होता. मग एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे घालून दोषी शोधा. ही फेरतपासणी टाळून कित्येक कुत्र्यांचे मासे आयुष्यभर उगाच बंद केले जातात.

गुराढोरांचा डॉक्टर
आहाराची चाचणी घेताना एक अडचण: शेवटचं लांब पल्ल्याचं स्टेरॉइड इंजेक्शन कधी दिलं? त्याचा असर आठवडेच्या आठवडे रेंगाळतो आणि खाज कशाने कमी झाली ते कळेनासं होतं. यापुढे ते इंजेक्शन घेऊ नका. खाज असह्य झाली तर प्रेडनिसोलोनच्या (हेही स्टेरॉइडच) गोळ्या, किलोमागे ०.५ ते १ मिग्रॅ दिवसाला, डॉक्टरांनी ठरवलेल्या थोड्या दिवसांसाठी. गोळी कमी करता येते, टोचलेलं काढून घेता येत नाही. चालू गोळी एकदम तोडू नका. पाणी, लघवी, भूक वाढणं अपेक्षित आहे. पोट लोंबणं, केस गळणं, कातडीत खडे जाणवणं ही मात्र जास्त झाल्याची खूण.

सगळं करूनही खाज उरली तर ती हवेतली, बहुधा घरातल्या धुळीच्या किड्यांची. त्यांना ऊब आणि दमट हवा लागते, आणि पावसाळ्यातल्या बंद घरात दोन्ही भरपूर. गोधड्या-गाद्यांपासून त्याला लांब ठेवा. कोंड्याच्या आणि भाताच्या कणग्यांजवळ झोपू देऊ नका. तयार खाद्य देत असाल तर लहान पिशवी, हवाबंद डब्यात. उघड्या पिशवीत साठवणीचे किडे होतात आणि त्यांचीही अॅलर्जी असते.

औषधांत ओक्लासिटिनिब (अपोक्वेल) एका दिवसात खाज उतरवतं. किलोमागे ०.४ ते ०.६ मिग्रॅ, म्हणजे तुमच्याकडे एका वेळी साधारण ९ ते १३ मिग्रॅ. जास्तीत जास्त १४ दिवस दोनदा, नंतर दिवसातून एकदा. एक वर्षाखालच्या पिल्लाला नाही, आणि गंभीर संसर्ग किंवा गाठ असेल तर नाही. सायक्लोस्पोरिन किलोमागे ५ मिग्रॅ. गुण यायला चार ते सहा आठवडे, सुरुवातीला उलट्या होतात. लशीचा मार्ग धरला तर पाऊण ते एक वर्ष धीर हवा. सेटिरिझिनचा परिणाम फार कमी, आणि औषधाच्या दुकानातून आणताना सर्दीवालं, नावात 'डी' असलेलं चुकूनही नको. त्यातलं स्यूडोएफेड्रिन कुत्र्याला विषारी आहे. ओमेगा-३ चं तेल पूरक म्हणून चांगलं, पण फरक आठ ते बारा आठवड्यांनी कळतो. तेही आहाराची चाचणी संपल्यावरच, कारण ते माशाचं.

किनारपट्टी
आता कानाचं. तालुक्याला कानाचे थेंब मिळालेत, पण आत पू दिसतोय.

गुराढोरांचा डॉक्टर
पू असेल तर आधी तो काचेवर पाहायला हवा. गोल जिवाणू दिसले तर नेहमीचे थेंब चालतात, लांबट, काडीसारखे जिवाणू दिसले तर पू प्रयोगशाळेत पाठवून कोणतं प्रतिजैविक लागू आहे ते पाहूनच पुढे जा. त्वचेवरच्या पुटकुळ्यांचंही तसंच. शाम्पूने दोन-तीन आठवड्यांत हटल्या नाहीत आणि सेफालेक्सिन (२२ किलोला ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा) देऊनही दोन आठवड्यांनी जैसे थे असतील, तर दुसरं प्रतिजैविक अंदाजाने बदलू नका, नमुना द्या. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसली तर निर्जंतुक स्वॅब तिथेच घ्यायला सांगून जिल्ह्याला, गोव्याला किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवता येतो.

थेंब घालण्याआधी कान भरेल इतकं कान धुण्याचं औषध ओता, बुडाशी अर्धा मिनिट चोळा, त्याला डोकं झाडू द्या, वर आलेला मळ कापसाने टिपा. काडी, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा खोबरेल आत घालू नका. धुतल्यावर वीसेक मिनिटांनी थेंब. डोकं एका बाजूला कलतंय किंवा चालताना तोल जातोय असं दिसलं तर थेंब तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.